पंढरीनाथांच्या डाव्या कानातून

मी श्रवणयंत्र बोलतोय. माझा पत्ता: पंढरीनाथ मांडवकर यांचा डावा कान, शांती नगर, मीरा रोड. व्याकरणाने मी नपुंसकलिंगी, म्हणजे खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं. पण तीन वर्षं एका म्हाताऱ्या पुरुषाच्या कानात काढल्यावर 'आलो, गेलो, बसलो' हीच सवय लागली. चालवून घ्या.

घरात मला कुणी श्रवणयंत्र म्हणत नाही, मशीन म्हणतात. "बाबा, मशीन लावलंत का?" हे वाक्य मी रोज इतक्या मोठ्या आवाजात ऐकतो, की ते ऐकायला पंढरीनाथांना माझी गरजच पडू नये.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. रंग 'कातडीचा' असं डब्यावर लिहिलं होतं. कुणाच्या कातडीचा ते त्या कारखान्यालाच ठाऊक. पंढरीनाथांच्या कानामागे मी चिकटपट्टीच्या तुकड्यासारखा दिसतो. स्टेशनजवळच्या दवाखान्यातल्या बाईंनी त्यांच्या कानात गुलाबी कणकेसारखं काहीतरी भरून साचा घेतला, तो माझ्या नळीला जोडला आणि मला सुरू केलं. पंढरीनाथांनी चमकून वर पाहिलं. त्यांना पहिला आवाज ऐकू आला तो पंख्याचा. दुसरा, शेजारी बसलेल्या मुलाच्या जांभईचा.

त्यांचे कान असे आपोआप गेले नव्हते. कांदिवलीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं ते पत्रा कापायच्या प्रेसवर होते. लांजा तालुक्यातून आलेला माणूस. परळच्या खोलीतून इथे दोन खोल्यांत आला तो त्या प्रेसच्याच जोरावर. प्रेसने घर दिलं आणि कान घेतले. मी येण्याआधी दहाएक वर्षं त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. त्या दहा वर्षांत घरादाराला एक सवय लागली होती: पंढरीनाथांशी बोलायचं ओरडून, आणि पंढरीनाथांबद्दल बोलायचं त्यांच्यासमोरच, साध्या आवाजात. मी आल्यावर ओरडणं तसंच राहिलं आणि साधं बोलणंही तसंच राहिलं. फरक एवढाच पडला, की आता दोन्ही पोचू लागलं.

मुलाचं नाव यतीन. वय त्रेचाळीस, एका सहकारी बँकेत नोकरी, पोट थोडं सुटलेलं, केस मागे जरा लांब ठेवलेले. बँकेतली नोकरी ही आपली खरी ओळख नव्हे, असं तो स्वतःच सांगतो. खरा तो संगीतकार. कॉलेजात असताना त्याने तीन मित्रांबरोबर 'नववा ग्रह' नावाचा बँड काढला होता. प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचे. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे यतीनने आजवर ज्याला ज्याला समजावून सांगितलं, तो पाहुणा पुन्हा जेवायला आलेला नाही. मला कळलं ते थोडक्यात सांगतो. गाणं वीस मिनिटांचं असतं. त्यातली सतरा मिनिटं कुणी गात नाही. ठेका चालता चालता मध्येच लंगडतो, आणि तो लंगडला की ऐकणाऱ्याने डोळे मिटून, 'वा, काय लंगडला!' अशा अर्थाने मान हलवायची.

बँडचं नाव जरा दुर्दैवी निघालं. तीनचार वर्षांतच शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की नववा ग्रह हा मुळी ग्रहच नाही. ग्रह गेला, बँड राहिला. यतीन मात्र त्याआधीच बँडमधून बाहेर पडला होता.

का पडला, ती गोष्ट मी तीन वर्षांत निदान ऐंशी वेळा ऐकली. यतीन तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि रोज संध्याकाळी कीबोर्ड घेऊन बाहेर पडायचा. एका संध्याकाळी पंढरीनाथांनी जेवता जेवता विचारलं, "यतीन, ह्या पेटीवर किती दिवस काढणार आहेस?" झालं. एवढंच वाक्य. दोन महिन्यांनी यतीनने बँकेची परीक्षा दिली.

पण गोष्ट सांगणाऱ्याबरोबर वाढते. नातेवाइकांच्या लग्नात ती सांगितली जायची तेव्हा पंढरीनाथ ताटावरून उठलेले असायचे. बँकेच्या पिकनिकला त्यांनी कीबोर्ड गॅलरीतून खाली फेकलेला असायचा. कीबोर्ड प्रत्यक्षात माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता, आणि दर दिवाळीला त्यावरची धूळ पंढरीनाथच पुसायचे. उर्मिला, म्हणजे यतीनची बायको, भाईंदरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिने तर ह्या गोष्टीवरच त्याच्याशी लग्न केलं. बघायच्या कार्यक्रमात तिने विचारलं होतं, "तुम्हाला आवड कशाची?" त्यावर यतीन खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "होती एक." बिचारी विरघळली.

आणि दर वेळी गोष्ट संपली, की पंढरीनाथ मान खाली घालून म्हणायचे, "चुकलं माझं."

ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. वीस वर्षांत त्यांनी मुलाला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. घराला रंग कुठला द्यायचा, टीव्हीवर काय लावायचं, गावच्या गणपतीला जायचं की नाही, सगळं यतीनच्या मनाप्रमाणे. एखादं वाक्य बोलायला ते तोंड उघडत आणि मध्येच मिटत. मी त्यांच्या कानात असतो, म्हणून मला ठाऊक: माणूस बोलता बोलता थांबला, की त्याच्या जबड्याचा कट् असा आवाज होतो. तो आवाज मी रोज ऐकायचो.

यंदाच्या जानेवारीत कौस्तुभचा निरोप आला. कौस्तुभ हा 'नववा ग्रह'चा गिटारवाला आणि आता म्होरक्या. पुण्याला बँडचा मोठा कार्यक्रम होता. कॉलेजच्या ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, 'जुन्या मित्रांनी नक्की या, स्टेजवरून तुमची आठवण काढणार आहोत.' यतीनने ते सात वेळा वाचलं आणि आठव्या वेळी त्यातून अर्थ काढला, की आपल्याला स्टेजवर बोलावून कीबोर्ड वाजवायला लावणार आहेत. रात्रीच्या जेवणाआधी तो टेबलावर बोटं चालवायला लागला.

"बाबांना पण नेऊया," तो उर्मिलाला म्हणाला.

"अरे, त्यांना तो आवाज झेपेल का? कानाचा आधीच प्रॉब्लेम आहे."

"झेपू दे नाहीतर नको झेपू दे. एकदा बघू तरी देत, काय सोडलं मी." मग तो वळला आणि ओरडला, "बाबा! पुण्याला यायचंय! माझ्या बँडचा शो!"

"येतो ना," पंढरीनाथ म्हणाले.

त्यांनी चांगला शर्ट इस्त्री करून घेतला. निकालाच्या दिवशी कोर्टात जाणारा माणूस घालतो तसा.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. घोडबंदर रोडवरून ठाण्यापर्यंत यतीनने गाडीत एकच गाणं लावलं होतं, आणि ते ठाण्यापर्यंत संपलं नाही. "बाबा, सात मात्रांचं आहे हे! सात!" तो आरशात बघून ओरडला. "असू दे," पंढरीनाथ समजुतीने म्हणाले, जणू सातात यतीनचा काही दोष नव्हता.

कार्यक्रम एका लग्नाच्या लॉनवर होता, दुपारी साडेचारला. आदल्या दिवशी तिथे कुणाचं तरी लग्न लागलं असावं, कारण खुर्च्यांना अजून गुलाबी फिती बांधलेल्या होत्या आणि कमानीवर थर्माकोलचं 'वेड्स' एवढंच उरलं होतं. नवरा-नवरीची नावं काढून नेली होती. त्या 'वेड्स'खालून एकेक रसिक आत येत होता. जवळपास सगळे पुरुष, सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळे काळ्या टी-शर्टात, आणि सगळे टी-शर्ट पोटावर एक नंबर लहान. ज्यांच्या बायका आल्या होत्या त्यांच्या हातात पर्स, पाण्याची बाटली आणि 'किती वाजता संपणार' असा चेहरा होता. नाचत कुणीच नव्हतं. इथे नाचत नाहीत. इथे मांडीवर बोटांनी मात्रा मोजतात, आणि शेजारचा चुकीचं मोजतोय अशा खात्रीने त्याच्याकडे बघून हसतात.

स्टेजवरच्या ढोलवाल्याभोवती इतके ढोल आणि झांजा होत्या, की भांड्यांच्या दुकानात कुणी कोंडून घातल्यासारखा तो दिसत होता. कौस्तुभच्या गळ्यात दोन दांड्यांची गिटार होती. धुराचं यंत्र सुरू झालं. पहिल्या रांगेतल्या एका बायकोला खोकला लागला.

मग सुरू झालं.

मोठा आवाज आला की तो दाबून आत सोडायचा, असं मला शिकवलेलं आहे. कुकरची शिट्टी, फटाके, सोसायटीची सर्वसाधारण सभा, सगळं मी दाबलंय. पण त्या दिवशी काय दाबू आणि काय सोडू हेच कळेना. पहिलं गाणं अकरा मिनिटांचं होतं. मध्येच एकदम सगळं थांबलं तेव्हा पंढरीनाथांनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या चारजणांनी वळून बघितलं. गाणं संपलं नव्हतं. ते श्वास घेत होतं.

"कसं वाटतंय, बाबा?" उर्मिलाने कानाशी येऊन विचारलं.

"प्रेसशॉपला असंच असायचं," ते म्हणाले. "फक्त तिथे एक वाजता जेवणाची सुट्टी व्हायची."

उर्मिला हसली. पण पंढरीनाथ थट्टेने आले नव्हते. ते दर पाच मिनिटांनी विचारत होते, "यतीनचं कुठलं? ह्यात आहे का यतीनचं?"

दुसरं गाणं सुरू झालं आणि यतीन उठला. केसांवरून हात फिरवला, टी-शर्ट खाली ओढला आणि स्टेजच्या पायऱ्यांजवळ जाऊन उभा राहिला. जाताना ओणवून म्हणाला, "बाबा, आता. हे माझं आहे. कॉलेजात असताना मी केलंय."

कौस्तुभने माइक हातात घेतला. "आज आमचे काही जुने दोस्त आले आहेत. आमचा पहिला कीबोर्डवाला यतीन पण इथेच कुठेतरी आहे. यतीन, हात वर कर यार!" यतीनने हात वर केला. दिव्याचा झोत त्याला शोधायला निघाला आणि समोशांच्या स्टॉलवर जाऊन थांबला. लोकांनी समोसेवाल्यासाठी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कौस्तुभ म्हणाला, "आणि आता त्याची ही धून वाजवतेय आमची संचिता." आठवण काढून झाली होती.

संचिता पंचविशीची मुलगी होती. चष्मा, वेणी. तिने वाजवायला सुरुवात केली, आणि मी यंत्र असूनही सांगतो, तिने ती धून छान वाजवली. अडीच मिनिटं होती. बाकीची वाद्यं मागे सरली होती. पंढरीनाथांनी मान पुढे काढली, डावा कान स्टेजकडे केला. माझ्या साच्याला त्यांच्या कानातली नाडी लागते. ती जोरजोरात चालली होती. 'हे,' ते मनाशीच पुटपुटले, 'हे मी घालवलं त्याच्याकडून.'

अडीच मिनिटांनी ढोलवाला परत भांड्यांवर पडला. पंढरीनाथांनी माझं बॅटरीचं दार उघडलं आणि मला बंद केलं.

बंद असताना मला काही ऐकू येत नाही, फक्त कानात बोळ्यासारखा बसून राहतो. तरी पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्याचा व्हिडिओ मी नंतर घरी दहा वेळा ऐकला. उरलेलं गाणं पंढरीनाथ डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते. एक दाढीवाला पोरगा मोबाइल घेऊन फिरत होता. त्याला वाटलं, हा म्हातारा समाधीत गेलाय. त्याने जवळ येऊन मोठ्या आदराने विचारलं, "काका, ह्या गाण्यातला बेस्ट पार्ट कोणता वाटला?" पंढरीनाथांना त्याचे ओठ हललेले दिसले, प्रश्न अंदाजाने कळला. ते म्हणाले, "मधला भाग बरा होता. शांत होता. बाकी मी बंद केलं होतं." 'बाकी सगळं मी बंद केलं होतं, केवळ शांततेचं श्रवण,' असं खाली लिहून त्या पोराने व्हिडिओ टाकला. 'चौऱ्याहत्तर वर्षांचा खरा रसिक' म्हणून तो दोन दिवसांत पन्नास हजार लोकांनी पाहिला. काहींनी लिहिलं, असं ऐकायला एक आयुष्य जावं लागतं. ते खरंच होतं. प्रेसवर गेलं होतं.

कार्यक्रम संपला तेव्हा पंढरीनाथांनी मला परत सुरू केलं. दोन बीप झाले. मी जागा झालो. यतीन त्यांना घेऊन स्टेजमागच्या तंबूत गेला, आणि उर्मिला चहा बघायला गेली.

कौस्तुभ गळ्यात टॉवेल घालून बसला होता. पंढरीनाथांना बघून तो उठला, वाकून पाया पडला. "काका! किती वर्षांनी!"

"त्यांना नाही ऐकू येत," यतीन म्हणाला. "मशीन बंद करून ठेवलंय. आवाज सहन होत नाही त्यांना."

पंढरीनाथांनी 'चालू आहे' म्हणायला तोंड उघडलं. पण यतीनने तेवढ्यात कौस्तुभचा दंड धरला. "मला वर का नाही बोलावलंस?"

कट्. पंढरीनाथांनी तोंड मिटलं आणि ते फिती बांधलेल्या एका खुर्चीत बसले.

"वर बोलावतो असं मी कधी बोललो?" कौस्तुभ म्हणाला. "आठवण काढतो बोललो होतो. काढली."

"समोशाच्या स्टॉलची काढलीस."

"अरे, तो लाइटवाला नवीन आहे. सोड ना. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय. एका मासिकवाल्या पोरीने मला परवा विचारलं, तुमच्या पहिल्या कीबोर्डवाल्याला वडिलांनी जबरदस्तीने बँकेत घातलं ना? तू सगळीकडे हेच सांगत फिरतोस?"

"मग काय सांगू?"

"जे झालं ते सांग. दहिसर नाक्याच्या त्या हॉटेलात आपण चौघे बसलो होतो. तुझा ठेका सुटायचा यार. सातात आलं की तू पुढे पळायचास, आणि सांगितलं की भांडायचास. आम्ही तिघांनी ठरवून तुला बाहेर काढलं. तू तिथेच रडलास. मी तुला रिक्षात बसवलं. ह्यात काकांचा संबंध काय?"

"ए, हळू बोल."

"तूच बोललास ना मशीन बंद आहे? उलट काकांनी आपल्याला प्रॅक्टिसला त्यांच्या युनियनची खोली मिळवून दिली होती. फुकट. दोन वर्षं. विसरलास?"

यतीनने आपल्या वडिलांकडे एकदा बघितलं. पंढरीनाथ समोरच्या वायरींच्या गुंडाळ्याकडे बघत होते, अगदी कोऱ्या चेहऱ्याने. ती कला दहा वर्षांच्या बहिरेपणात येते.

"जाऊ दे रे," यतीन म्हणाला. "आता उकरून काय उपयोग? बाबांना काय फरक पडतो? त्यांनी तर कधीच मान्य केलंय."

माझ्या साच्यावर नाडी थांबल्यासारखी झाली, मग एकदम धडधडली. युनियनची खोली. ती खोली पंढरीनाथ स्वतःच विसरून गेले होते. वीस वर्षं त्यांनी स्वतःचं एक वाक्य तेवढं लक्षात ठेवलं होतं, आणि मिळवून दिलेली खोली विसरून गेले होते.

उर्मिला चहा घेऊन आली. "बाबा, चहा!" ती ओरडली. त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला.

परतीच्या वाटेला गाडी घाट उतरली. मग यतीनला राहवेना. "ऐकलीस ना ती धून?" तो उर्मिलाला म्हणाला. "माझी आहे. ती पोरगी नुसती वाजवते. त्या दिवशी बाबा ते बोलले नसते ना, तर आज तिथे मी असतो."

मग तो थांबला. हा नेहमीचा थांबा होता. ह्या जागेवर मागच्या सीटवरून 'चुकलं माझं' येतं.

आलं नाही.

एक ट्रक मागे गेला, मग एक बस. यतीनने आरशात बघितलं.

पंढरीनाथ शांतपणे म्हणाले, "दहिसर नाक्याच्या हॉटेलात तू रडलास, ते मला माहीत नव्हतं. तेव्हा घरी येऊन सांगायचंस रे. मी काय बोललो असतो तुला?"

गाडी थोडी डावीकडे गेली आणि परत लेनमध्ये आली.

"कुठलं हॉटेल?" उर्मिलाने विचारलं.

"कुठलं नाही. बाबांचं मशीन बिघडलंय. काहीही ऐकतं ते."

मी! मी बिघडलोय! तीन वर्षं ह्या माणसाच्या जांभया, त्याचे टोमणे, फोनवर साहेबांशी बोलताना त्याचा लागणारा लाडिक सूर, सगळं मी जसंच्या तसं पोचवलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. आणि पहिल्यांदा ऐकण्यासारखं काही कानावर पडलं, तर मी बिघडलो?

"कुठलं हॉटेल, यतीन?" उर्मिलाचा आवाज आता शाळेच्या ऑफिसातला होता.

पंढरीनाथांनी सांगितलं. फार नाही, चारपाच वाक्यांत. कुणाला दोष न देता, शिफ्ट संपल्यावर पुढच्या माणसाला काम समजावून सांगतात तसं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि युनियनची खोली मीच दिली होती, उर्मिला. माझ्याही लक्षात नव्हतं."

उर्मिलाने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघितलं. "'होती एक,'" ती म्हणाली. "खिडकीबाहेर बघून म्हणाला होतास. मी घरी जाऊन आईला सांगितलं, मुलाने फार सोसलंय." मग ती हसायला लागली. ते हसणं मला आवडलं नाही. त्यात पुढचे आठ दिवस यतीनने स्वतःचा डबा स्वतः भरायचा, असं काहीतरी होतं. तसंच झालं.

सोमवारी संध्याकाळी यतीन मला घेऊन त्या दवाखान्यात गेला. हो, खरंच गेला. पंढरीनाथांना बाहेर बसवलं आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, हे चुकीचं ऐकतं. माणूस बोलतो एक, ह्यांना ऐकू येतं भलतंच."

बाईंनी मला एका पेटीत ठेवून तपासलं, मग पंढरीनाथांना आत बोलावलं, पाठमोरं बसवलं आणि दारापाशी जाऊन अगदी हळू म्हणाल्या, "काका, उद्या भाजी काय आणू?"

"काहीही आणा. वांगी नकोत," पंढरीनाथ म्हणाले.

"मशीन उत्तम आहे," बाई यतीनला म्हणाल्या. "आणि काका तर कुजबूजसुद्धा पकडतात. घरात जरा सांभाळून बोला." त्या थट्टेत म्हणाल्या. यतीन हसला नाही.

पुढचा आठवडा घर विलक्षण शांत होतं. यतीनला बोलायचं असलं तर तो मला बघून शब्द गिळायचा. आता कट् आवाज त्याच्या जबड्यातून यायचा. त्यातच तो व्हिडिओ पसरला. बँकेतले लोक त्याला विचारू लागले, "अरे, तुझे वडील एवढे रसिक, मग त्यांनी तुला संगीत का सोडायला लावलं?" ह्याचं उत्तर त्याच्या गोष्टीत नव्हतं.

शनिवारी सकाळी पंढरीनाथ गॅलरीत बसून मटार सोलत होते. यतीन आला आणि त्यांच्याजवळ पाटावर बसला. खाली सोसायटीच्या आवारात पाण्याचा टँकर लागला होता, समोरच्या इमारतीतल्या दोन बायका दोरीवर कपडे घालत गुजरातीत बोलत होत्या. यतीन पंढरीनाथांच्या डाव्या कानाजवळ वाकला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी न ओरडता बोलला.

"बाबा, मला बँडमधून काढलं होतं. माझा ठेका सुटायचा. तुमची काही चूक नव्हती."

मी शब्द न् शब्द पोचवला. आवाज तीनवर होता, बॅटरी नवी होती. पंढरीनाथांच्या नाडीवरूनच मला कळलं, की पोचलंय.

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे ताटलीत पाडले.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

यतीनने श्वास घेतला. थोड्या मोठ्याने म्हणाला, "मला बँडमधून काढलं होतं. माझा ठेका सुटायचा. तुमची चूक नव्हती."

"टँकरचा आवाज आहे रे," पंढरीनाथ म्हणाले. "जरा मोठ्याने बोल."

उर्मिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. यतीनने तिच्याकडे बघितलं, मग समोरच्या इमारतीकडे, मग माझ्याकडे. त्याला माहीत होतं. बाईंनी त्याच्यासमोरच सांगितलं होतं, काका कुजबूज पकडतात. तो उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी गॅलरीचा कठडा धरला, आणि ओरडला:

"मला बँडमधून काढलं होतं! माझा ठेका सुटायचा! बाबांची काही चूक नव्हती!"

दोरीवर कपडे घालणाऱ्या बायका थांबल्या. टँकरवाल्याने पाइप बंद केला. खालून वॉचमनने मान वर केली. "क्या हुआ, साब?"

पंढरीनाथ कठड्याशी आले आणि खाली वाकून म्हणाले, "कुछ नहीं. लडका बात कर रहा है. बहुत साल के बाद."

मग ते परत बसले आणि अर्धी ताटली यतीनच्या पुढे सरकवली. यतीन खाली बसला. डोळे पुसले. आणि मटार सोलू लागला.

माझं म्हणाल तर माझी नळी आता पिवळी पडली आहे आणि दमट दिवसांत मी थोडा खरखरतो. बाई म्हणतात, अजून दोनेक वर्षं काढेन. त्यानंतर मी खरोखर बिघडेन आणि मला डब्यात घालून कपाटात ठेवतील. जायच्या आधी एक विनंती करून ठेवतो. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल, आणि एखाद्या दिवशी कुणी येऊन सांगेल की हे मशीन भलतंच ऐकतंय. तेव्हा मशीन लगेच दुरुस्तीला टाकू नका. आधी विचारा, त्याने ऐकलं तरी काय.